जुन्या कार्यशाळेबद्दल थोडेसे

आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ साली अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची भारतातली पहिली ‘बाहा’ स्पर्धा झाली. खडक-चिखलातून चालणारी एका माणसाची गाडी मुलांनीच बनवायची. इंजिन सर्वांना सारखे. त्यात फेरफार करायचा नाही. चुरस उरते ती वजनाची आणि गिअरबॉक्सची.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने परवा त्याच्या चमूचा गिअरबॉक्स आम्हांस दाखवला. पेटी अ‍ॅल्युमिनियमची, आणि पोलादी गिअरच्या पोटातूनही धातू कोरून काढलेला. पहिला मात्र वाया गेला होता. पेटीच्या दोन भागांत बेअरिंगची भोके वेगवेगळी कापली गेली, त्यामुळे शाफ्ट समांतर बसले नाहीत आणि दात एकाच कडेवर टेकून झिजले. दुसऱ्या वेळी दोन्ही भाग जोडून, एकाच पकडीत भोके कापली. ‘‘सर, समांतर रेषा मला तेव्हा कळल्या,’’ तो म्हणाला. त्या रेषा नववीत त्याला आम्हीच शिकवल्या होत्या! (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, लेथला आम्ही अजून खरादच म्हणतो. पण दोष भाषेचा नव्हता.)

शाळेची जुनी कार्यशाळा काढून तेथे दुसरा संगणक कक्ष करावा, असा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. आमचा त्यास विरोध आहे. वाइस आणि कानस यांसाठी आठवड्यातून एक तास तरी राहावा. याने दहावीचे गुण वाढत नाहीत, असे पालक म्हणतात. ते खरेच आहे. तरी निर्णयापूर्वी विश्वस्तांनी एखाद्या शनिवारी कार्यशाळेत यावे. किल्ली आमच्याकडे आहे.