मध्यरात्रीचे स्वातंत्र्य कोणासाठी?

अंगावर काटा आणणारे, रक्तपाताने भरलेले, चाकोरीबाहेरचे चित्रपट महोत्सवांत रात्री उशिरा दाखवण्याची प्रथा आता जुनी झाली आहे. टोरांटोच्या महोत्सवात १९८८ पासून त्यासाठी मध्यरात्रीचा स्वतंत्र विभाग आहे. २०१८ मध्ये वासन बाला यांच्या ‘मर्द को दर्द नहीं होता’ या चित्रपटाला तेथील प्रेक्षकांनी पहिली पसंती दिली. अनुराग कश्यप यांचा ‘केनेडी’ २०२३ मध्ये कानला मध्यरात्री दाखवला गेला आणि त्याच वर्षी मुंबईच्या ‘मामी’ महोत्सवातही आला. हे चित्रपट चांगले की वाईट, याचा वाद रसिकांनी खुशाल घालावा. समाजवाद्यांपुढचा प्रश्न वेगळा आहे. ते पाहण्याचा अधिकार कोणाला?

१९५२ च्या चित्रपट कायद्याच्या नवव्या कलमानुसार केंद्र सरकार प्रमाणपत्राच्या अटीतून सूट देऊ शकते. महोत्सवांना ती मिळते. म्हणजे शुल्क भरून गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या प्रौढाला जो चित्रपट अखंड दिसतो, तोच अलिबागेत तिकीट काढणाऱ्या प्रौढाला कापलेला दिसतो किंवा दिसतच नाही. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेल्या ‘पाँच’ची हीच गत झाली. मंडळाशी झगडून तो वर्षानुवर्षे चित्रपटगृहाबाहेर राहिला, महोत्सवांतील मूठभरांनी मात्र तो पाहिला. मांडव्याच्या कोळ्याला मुंबई समोर दिसते, पण रात्रीचा खेळ सुटतो तेव्हा त्याला घरी नेणारी लाँच नसते. मुंबईच्या धनिकांचे बंगले अलिबागेत आले, त्यांचे हे स्वातंत्र्य मात्र खाडीपलीकडेच राहिले.

या भेदाचे समर्थन ठराविक असते. जाणकार प्रेक्षक पडद्यावरील हिंसा पचवतो, सामान्य माणूस तिने बिथरतो, असे सांगितले जाते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण ग्राह्य ठरवले, तेव्हा चित्रपट इतर कलांपेक्षा भावना अधिक चेतवतो, असे कारण दिले होते. ते मान्य केले तरी भावना ओळखपत्र पाहून चेतत नाहीत.

आणि हा ‘सामान्य माणूस’ कोण? याच अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. जमिनी पडीक ठेवून, उपासमार सोसून तो १९३९ पर्यंत चालवला. ज्यांनी सहा वर्षे भुकेपुढे संयम ढळू दिला नाही, त्यांची नातवंडे एका चित्रपटाने बिथरतील, ही भीती नव्हे, हा अपमान आहे.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ झाला. कोकणातील वाडा, पुरलेले सोने आणि पिढ्यांना गिळणारा लोभ, हा त्याचा विषय. या भयपटाचा अर्थ व्हेनिसपेक्षा चरीत अधिक लवकर उमगेल. तेथे वाड्याची दहशत ही कल्पना नव्हती.

पडद्यावरील सर्वच हिंसा अर्थपूर्ण असते, असे नाही. पुष्कळदा ती निव्वळ बाजाराचा माल असते आणि स्त्रीची विटंबना हा त्यातला खपाऊ जिन्नस. परंतु तिचा समाचार उघड्या चर्चेत घ्यावा लागतो. कात्री चालवून चर्चाच बंद होते. मुलांसाठी वयाची मर्यादा जरूर असावी. मंडळाने वयानुसार प्रमाणपत्र देण्यापुरतेच काम करावे, असे श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्येच सुचवले होते. उलट २०२१ मध्ये सरकारने अपील न्यायाधिकरणच मोडीत काढले आणि निर्मात्याला उच्च न्यायालयाच्या खर्चिक दारात उभे केले.

म्हणून मागणी दुहेरी हवी. सर्व प्रौढांना एकच नियम लागू व्हावा आणि महोत्सवांना मिळणारी सूट तालुक्याच्या चित्रपट मंडळांनाही मिळावी. कार्यकर्त्यांनी अशी मंडळे उभी करावीत, परवडणाऱ्या वर्गणीत खेळ लावावेत आणि खेळानंतर चर्चा घडवावी. तो खेळ मध्यरात्री नको, संध्याकाळी सातला असावा. दुसऱ्या दिवशी पहाटे ज्यांना कामावर जायचे असते, त्यांनाही स्वातंत्र्य हवे असते.