ठरल्या तिथीचे पाहुणे

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत तर एकच रात्र राहणारा तो अतिथि, असें लक्षण केलें आहे. त्याच गांवांत राहणारा मनुष्य त्या सदरांत मुळींच बसत नाहीं. मग दरवर्षीं नरकचतुर्दशीस उजाडतां उजाडतां जी मंडळी आमच्या दारांत उभी राहतात, त्यांस काय म्हणावें? त्यांची तिथि ठरलेली, वेळ ठरलेली, बसावयाचे पाट देखील ठरलेले. ते आमचे आप्त नव्हेत, सोयरे नव्हेत, ज्ञातीहि निराळी. आमचे हे स्नेही आमच्याच शाळेंत चित्रकला शिकवीत असत, एवढाच काय तो मूळ संबंध.

संस्कृतांत यासाठीं एक सुरेख शब्द आहे, आणि तो मराठींत रुळला नाहीं याची आम्हांस नेहमीं हळहळ वाटते. तो शब्द सग्धि. अमरकोशांत त्याचा अर्थ सहभोजन असा दिला असून, जोडीला एकत्र पिण्यासाठीं सपीति हा शब्द आहे. ज्यांच्या घरीं रुद्राचीं आवर्तनें होतात त्यांच्या कानांवरून हे दोन्ही शब्द अनेकदां गेले असतील, कारण चमकाच्या चौथ्या अनुवाकांत ते आहेत. तेथें यजमान दूध मागतो, तूप मागतो, मध मागतो, आणि लगेच सग्धि व सपीति मागतो. शेती व पाऊस यांची पाळी त्यानंतर येते! तूप आणि मध मिळूनहि तीं एकट्यानेंच खावयाचीं असतील तर मागणें अपुरें राहिलें, असें त्या ऋषीस वाटलें असावें. आमचा हा तर्क व्याकरणानें सिद्ध होणारा नव्हे. पण पंगतींत बसणाऱ्यास पटण्यासारखा आहे. फराळ हल्ली विकतचा आणतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. तूप घरचेंच असावें अशी अट चमकांत नाहीं.

आमच्या मातोश्रींस संस्कृत येत नव्हतें. पण मोदक केले कीं त्यांबरोबर एक करंजी करावयाची, आणि करंज्या केल्या कीं एक मोदक वळावयाचा, ही त्यांची शिस्त होती. पदार्थ देखील एकटा राहूं नये. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करावयाचा नाहीं, कांहीं नसलें तर चिमूटभर साखर तरी घालावयाची, हाहि त्यांतलाच नियम.

मात्र एकत्र जेवणें ही गोष्ट आज जितकी सोपी दिसते तितकी ती नव्हती. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठितांनीं चहा घेतल्यावरून ग्रामण्य माजलें, आणि रानडे व टिळक यांसहि प्रायश्चित्त घेणें भाग पडलें. एका पेल्याची ही कथा! त्यानंतर शंभर वर्षें होत आलीं तरी आमच्या वाईच्या घरांत सोवळें होतेंच. १९८६ सालीं हे स्नेही प्रथम फराळास आले, तेव्हां मातोश्रींनीं त्यांचीं पानें ओटीवर मांडविलीं. दुसऱ्या वर्षींहि तसेंच. तिसऱ्या वर्षीं त्यांच्या लहानग्या मुलीस माजघरांत आपल्या शेजारीं बसवून मातोश्रींनीं स्वतःच्या हातानें घांस भरविला, आणि तो प्रश्न मिटला. स्नेही त्या ओटीबद्दल तेव्हां बोलले नाहींत, पुढेंहि कधीं बोलले नाहींत. पुष्कळांनीं दुसऱ्या वर्षीं न येण्याचें निमित्त शोधलें असतें. तीं दोघें आलीं. आभार हा शब्द आम्हीं त्यांच्यापुढें काढला तर "कसले आभार मानतां?" म्हणून ते रागावतील, म्हणून येथें लिहितों.

२०१९ सालीं भाद्रपदांत आमच्या कुटुंबाचें देहावसान झालें. ज्या घरांत मृत्यु झाला तेथें त्या वर्षीं सण करीत नाहींत, दिवाळीस कढई चढत नाहीं. आप्तेष्टांनीं फराळ आणून द्यावयाचा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आमचे आप्त दूरदूरच्या शहरांत विखुरलेले. चिरंजीव चौदावा उरकून परदेशीं परत गेलेले. नरकचतुर्दशीस आम्ही दार लावूनच बसलों होतों. नेहमींच्या वेळीं कडी वाजली. स्नेही, वहिनी, आणि मातोश्रींच्या हातचा घांस खाल्लेली ती मुलगी, आतां दोन लेंकरांची आई. तिच्या हातांत चार डबे. सांत्वनाचा शब्द कोणीं काढला नाहीं. वहिनींनीं नेहमींइतकेच पाट मांडले. आमच्या कुटुंबाच्या पाटापाशीं त्या क्षणभर थांबल्या, आणि मग त्यावर स्वतःच बसल्या.

तीं निघालीं तेव्हां डबे रिकामे द्यावयाचे नाहींत म्हणून आम्ही साखर शोधूं लागलों. साखर कोठें ठेवलेली असते हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

"भाऊजी, डबे असूं द्या," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या वर्षीं भरूनच न्यायचे आहेत आम्हांला."

पुढचें वर्ष करोनाच्या साथीचें. कोणी कोणाकडे गेलें नाहीं. डबे फडताळांतच राहिले. २०२१ सालीं तीं आलीं. चकल्या विकतच्या होत्या. शेव मात्र आम्हीं स्वतः पाडली होती. वहिनींनीं ती चाखून मीठ कमी आहे एवढेंच सांगितलें, आणि चारही डबे भरून नेले.