‘लहान मुलांना प्रवेश नाही’: दक्षिण कोरियातल्या या पाटीमागे नेमकं काय आहे?

4 मे 2023. दक्षिण कोरियाच्या खासदार योंग हे-इन आपल्या मुलाला कडेवर घेऊन संसदेत पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या. मुलगा अजून दोन वर्षांचाही नव्हता. दुसऱ्या दिवशी तिथला बालदिन होता. ‘नो किड्स झोन’ बंद करा, अशी त्यांची मागणी होती.

‘नो किड्स झोन’ म्हणजे ठरावीक वयाखालच्या मुलांना आत न घेणारी रेस्टॉरंट आणि कॅफे. देशभरात अशा शेकडो जागा आहेत. त्याच वर्षी कोरियाचा प्रजनन दर 0.72 वर आला. सरकार मुलं जन्माला घाला म्हणून पैसे देतंय आणि कॅफेवाला मुलांना दारातूनच परत पाठवतोय.

पण मालकांना खलनायक ठरवणं सोपं आहे, बरोबर नाही.

पाटी लागली कुठून?

बुसानमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये पळणारं मूल गरम पाणी नेणाऱ्या कर्मचाऱ्यावर आदळलं आणि भाजलं. 2013 मध्ये कोर्टानं रेस्टॉरंटला सुमारे 4 कोटी वॉन भरपाई द्यायला लावली. छोट्या हॉटेलवाल्यानं यातून सरळ अर्थ काढला: मूल धावलं, तरी पैसे आपल्याच खिशातून जाणार. मग पाटी स्वस्त पडते.

ग्राहकांनाही ती खटकत नाही. जनमत चाचण्यांमध्ये बहुसंख्य लोक मालकांच्या बाजूनं दिसतात.

मानवाधिकार आयोगाचं म्हणणं काय?

जेजू बेटावरच्या एका इटालियन रेस्टॉरंटनं 13 वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली होती. त्याबद्दलच्या तक्रारीवर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2017 मध्ये हा भेदभाव असल्याचं म्हटलं. व्यवसायाचं स्वातंत्र्य आयोगाला मान्य होतं. पण सगळीच मुलं त्रास देत नाहीत आणि त्रास देणारी फक्त मुलंच नसतात, मग सरसकट वयावर बंदी कशी, असा त्याचा मुद्दा होता. मात्र आयोग फक्त शिफारस करू शकतो. पाट्या राहिल्या.

2023 मध्ये जेजूच्या प्रांतिक परिषदेत या पाट्यांवर थेट बंदी आणायचा प्रस्ताव आला. मालकांचा विरोध झाला. शेवटी मंजूर झालेल्या नियमात ‘बंदी’ जाऊन ‘प्रसार रोखणं’ आलं.

त्याच काळात 60 वर्षांवरच्यांना प्रवेश नाकारणाऱ्या एका कॅफेच्या पाटीचा फोटो व्हायरल झाला आणि संतापाची लाट उसळली. मुलांच्या पाटीवर एवढे लोक चिडले नव्हते. मुलांना मत नसतं, आणि सोबतची आई बहुतेकदा वाद न घालता निघून जाते.

वर्तनाचा नियम शक्य आहे: धावणाऱ्या मुलाला बसवा, नाहीतर बिल देऊन निघा. अवघड एवढंच, की तो प्रत्येक टेबलवर तोंडानं सांगावा लागतो आणि भांडण वेटरच्या वाट्याला येतं. शिवाय अपघाताची भरपाई कोणी किती द्यायची, हे स्पष्ट होत नाही तोवर मालकाची भीतीही जात नाही.

आणि भारतात?

राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कोणाला अडवता येत नाही. वय या यादीत नाही. त्यामुळे उद्या पुण्यातल्या एखाद्या कॅफेनं अशी पाटी लावली (आणि पाट्यांच्या बाबतीत पुण्याला कोणी शिकवायला नको), तर निदान या कलमावर बोट ठेवून ती काढायला लावता येणार नाही.