जोडीचा पूल

मुलगा ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला. दासगावला आला की मी विचारतो, "अरे, तू नेमकं करतोस काय?" यंदा गणपतीत त्याने कागद-पेन्सिल घेऊन मास्तरांचीच शिकवणी घेतली.

सर्व्हरच्या दोन केबली एकाच स्विचमध्ये खोचल्या, तर स्विच बिघडला की सगळंच ठप्प. म्हणून एक केबल या स्विचला, दुसरी त्या स्विचला; सर्व्हरला मात्र वाटतं, समोर एकच स्विच आहे. याला म्हणे मल्टी-चासी लिंक ॲग्रिगेशन. (मराठी घेऊन बी.ए. झालेल्याला हे नाव पाठ करायला दोन दिवस लागले!) लांबून येणारा माल पाकिटात पाकीट घालून येतो. बाहेरच्या पाकिटावर दोन्ही स्विचचा मिळून एकच पत्ता. एकत्र कुटुंबाचं पत्र, दारात असेल त्याने घ्यावं.

"म्हणजे दोन वाटा असल्या की झालं."

"नाही बाबा. दोघं एकमेकांना सारखं विचारत असतात, आहेस ना? एक पडला की सगळी वाहतूक लगेच दुसऱ्यावरून. आणि दोघांमधली मुख्य तारच तुटली, तर धाकट्याने आपली दारं मिटून घ्यायची, हे आधीच ठरलेलं."

आमच्या भाऊबंदकीत असं ठरलेलं असतं तर! असो.

मला २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवली. महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एस.टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. शेजारी नवा पूल धडधाकट उभा होता! पाणी तेवढं चढल्यावर जुन्यावरची वाहतूक त्याच्यावर वळवायला किती वेळ लागला असता? पण "आहेस ना?" असं जुन्याला विचारणारं त्या रात्री कोणी नव्हतं. पुढे २०१७ मध्ये तिथे नवा पूल विक्रमी वेळात झाला, कौतुकही झालं. माझ्या मते पूल बांधण्याइतकंच त्याच्यावर नजर ठेवणंही सरकारी कामच आहे, आणि त्याची फीत कोणी कापत नाही.

जुलै २०२१ मध्ये महाड बुडालं, तळिये गेलं, तेव्हा माझ्या फोनमधली दोन कंपन्यांची दोन्ही सिमं एकदमच मुकी झाली होती. मुलगा तिकडे दोन दिवस जेवला नव्हता. त्याला विचारलं, "दोन कंपन्या, मग दोन्ही कशा गेल्या?"

तो म्हणाला, "केबल एकाच रस्त्याच्या कडेने जात असेल, किंवा टॉवर एकच असेल."

आता ग्रामसभेत हाच प्रश्न विचारणार आहे. बघू काय उत्तर येतं.