हिमालयाची पहिली पायरी

गोंदिया हा भातशेतीचा आणि तळ्यांचा जिल्हा. येथील एखाद्या मुलाने हिमालय चढण्याची इच्छा बोलून दाखविली, तर ऐकणारे हसतात. हे हसणे अज्ञानाचे होय. मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलेले पाच आदिवासी विद्यार्थी विदर्भातल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे होते. नुसत्या धाडसाने ते तेथे गेले नाहीत. त्याआधी कित्येक महिने त्यांनी शिक्षण घेतले होते.

नवशिक्याने आरंभ घराजवळच करावा. पाठीवर थोडे ओझे घेऊन रोज चालावे. वडीलधाऱ्यांच्या सोबतीने प्रतापगडाचा डोंगर चढावा. (हा प्रतापगड अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला, साताऱ्याचा नव्हे.) अर्थात तेथे दम टिकला म्हणजे हिमालय साधला, असे मुळीच नाही. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो आणि दर श्वासाला प्राणवायूही निम्माच मिळतो. शरीर याला सरावते, पण सावकाश. म्हणून तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा नियम आहे. तेथे डोके दुखू लागले, ओकारी येऊ लागली, तर ते तत्काळ सांगावे. दुखणे लपविणारा शूर नव्हे. तो सोबत्यांनाही संकटात लोटतो.

दोर, गाठी आणि बर्फात रोवावयाची कुऱ्हाड यांची विद्या मात्र गुरूपाशीच शिकावी लागते. दार्जिलिंगच्या संस्थेत १९५४ पासून आणि उत्तरकाशीच्या संस्थेत १९६५ पासून ती शिकविली जाते. दार्जिलिंगला तर स्वतः तेनसिंग नोर्गे शिकवीत असत. प्राथमिक वर्ग सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्याला वयाची अट आहे. तोवर चालण्याच्या सरावासाठी गोंदियाच्या मुलांजवळ काही वर्षे आहेत.