नियम एकाच जागी लिहा



भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील आपली मुले-मुली आज पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करीत आहेत. भातशेती आणि मोलमजुरी करून आई-वडिलांनी शिकविलेली ही पिढी. आजचे चार शब्द त्यांच्यासाठी आहेत.

निमित्त एका अर्जाचे. वेल्ह्याकडील एक विद्यार्थिनी एस.टी.ने येऊन शिष्यवृत्तीचा अर्ज भरून गेली. धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती. अर्ज स्वीकारला गेला. छाननीत मात्र तोच अर्ज ‘अपात्र’ ठरला. तिच्याबरोबर आम्ही तीन खेपा घातल्या, तेव्हा उलगडा झाला. पात्रतेचा नियम प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी लिहिलेला होता. अर्जाच्या भागात तो बरोबर होता, छाननीच्या भागात चुकीचा. कोणी मुद्दाम केले असे नाही; पण फी मात्र उसनवारीने भरावी लागली.

हा नियम आपल्याला फुकट मिळालेला नाही. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० चा. त्यात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षांनी! एवढ्या वर्षांनी मिळालेला हक्क प्रोग्रामच्या एका ओळीने हिरावला जाऊ नये.

आम्ही कारकून माणसे. महागाई भत्त्याचा दर प्रत्येक पगारपत्रकात वेगळा लिहिला, तर दर बदलल्यावर एखादे पत्रक चुकतेच. म्हणून दर एका जागी ठेवावा व सर्वांनी तेथूनच घ्यावा. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचे मर्मही हेच. माहिती आणि त्या माहितीचे नियम एका क्लासमध्ये एकत्र ठेवायचे. इतरांनी नियम पुन्हा न लिहिता त्या क्लासला फक्त विचारायचे, ‘हा अर्जदार पात्र आहे का?’ नॉर्वेमध्ये १९६७ साली तयार झालेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट प्रथम आले. आजच्या जावापर्यंत तोच धागा आहे.

दुसरी गोष्ट नावांची. वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. ज्यांनी प्रोग्राममध्ये जागोजागी ‘वेल्हे’ असे लिहून ठेवले असेल, त्यांना शोधत बसावे लागेल. तालुक्याला एक क्रमांक द्यावा, नाव वेगळ्या तक्त्यात ठेवावे. जुने नावही पुसू नये, कारण जुन्या दाखल्यांवर ‘वेल्हे’च छापलेले आहे.

तिसरी गोष्ट, टेस्ट लिहा. बौद्ध विद्यार्थिनी, आडनाव न लावणारा अर्जदार, वडिलांऐवजी आईचे नाव लावणारा मुलगा, मराठीत भरलेला अर्ज, अशी उदाहरणे करून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर ती सगळी चालवून पाहा. ज्या घरातून आपण आलो, त्या घराचे अर्ज आपल्यालाच आधी आठवणार. शेजारी बसणाऱ्याला कदाचित सुचणारही नाहीत.

चौथी गोष्ट, प्रोग्राम चालू सर्व्हरवर चढविण्याची. पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता प्रोग्रामच्या मजकुरात लिहू नये, बाहेर वेगळा ठेवावा. प्रत्येक बदल ‘गिट’मध्ये नोंदवावा, ती आपली रोजकीर्दच समजा, कोणी, कधी, काय बदलले ते तेथे सापडते. नवी आवृत्ती आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालवावी. डेटाबेसची प्रत घ्यावी आणि त्या प्रतीवरून माहिती खरोखर परत येते का, हेही करून पाहावे. मागची आवृत्ती लगेच परत आणता येईल अशी तयारी असावी. आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री बदल करूच नये. डोंगरातल्या माणसाची मोबाइलची रेंज त्या दिवशी आली नाही आणि एस.टी. चुकली, तर त्याला दुसरा दिवस नसतो.

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेल्या राज्यघटनेतही दुरुस्तीची रीत कलम ३६८ मध्ये घालून दिलेली आहे. काळाप्रमाणे नियम बदलतील, हे घटनाकारांनी आधीच ओळखले होते. आपल्या मुला-मुलींनीही प्रोग्राम लिहिताना तेवढे ओळखावे. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी हे पान त्यांच्यासाठी जपून ठेवावे.

जयभीम!