बापांचा हिशेब

दोस्तहो, अमेरिकेत वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, फ्रँकलिन या मंडळींना राष्ट्राचे बाप म्हणतात. दर ४ जुलैला त्यांच्या नावानं फटाके उडतात. या बापांचा हिशेब आपणही मांडला पाहिजे. कारण १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते त्याच देशातल्या काळ्या पोरांकडून. आणि १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकन लोकांना. या बापांना नव्हे!

आधी जमेची बाजू. ती दाबायचं कारण नाही. त्यांनी राजा हाकलला. एवढ्या मोठ्या मुलखात राजाशिवाय राज्य चालतं हे करून दाखवलं. सरकारला धर्म ठेवला नाही. १७९१ साली बोलण्याचा, छापण्याचा, एकत्र जमण्याचा हक्क घटनेत घातला. वॉशिंग्टन दोनदा अध्यक्ष झाला आणि १७९७ साली गुमान घरी गेला. खुर्चीला चिकटलेल्या आपल्या पुढाऱ्यांनी हे वाचावं.

आता दुसरी बाजू. १७७६ साली समतेचा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन आयुष्यभरात सहाशेवर गुलामांचा मालक होता. १७८७ च्या घटनेत हिशेब काय? पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. गुलामाला मत द्यायला नव्हे, तर मालकांच्या राज्यांना जादा खासदार मिळावेत म्हणून! बाहेरून गुलाम आणणं १८०८ पर्यंत बंद करायचं नाही. पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा. एवढं सगळं लिहिलं आणि त्यात 'गुलाम' हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. म्हणजे लाज वाटत होती. म्हणजेच कळत होतं.

पांढरपेशे विद्वान म्हणतात, काळच तसा होता. साफ खोटं! पेनसिल्व्हेनियानं १७८० सालीच गुलामी हळूहळू संपवायचा कायदा केला होता. १७९० साली म्हाताऱ्या फ्रँकलिनच्या सहीचा गुलामीविरुद्धचा अर्ज काँग्रेसपुढे आला. आमच्या हातात नाही म्हणून तो गुंडाळला. १७९६ साली ओना जज ही गुलाम पोरगी खुद्द वॉशिंग्टनच्या घरातून पळाली. त्यानं तिच्यामागं माणसं लावली. ती सापडली, पण परत गेली नाही. स्वातंत्र्य म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला लागलं नाही.

म्हणून मी म्हणतो, या बापांचं यश आणि अपयश अशी दोन खाती नाहीतच. सौदा एकच होता. तेरा राज्यांची एकी टिकवायची, आणि किंमत काळ्यांनी मोजायची. १७९० साली सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० साली ते चाळीस लाखांच्या घरात गेले. मग यादवी पेटली, लाखो मेले, तेव्हा १८६५ साली गुलामी गेली. तीही गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी शिल्लक ठेवून!

आपण यातून काय घ्यायचं? गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसनं १८५२ साली गोऱ्यांना तोंडावर विचारलं, तुमचा ४ जुलै गुलामाच्या काय कामाचा? १९७२ साली राजा ढाले यांनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला, तो याच जातीचा सवाल. पण डग्लसनं घटना फेकली नाही. तिच्यातलंच हत्यार काढून मालकांवर धरलं.

त्यांची घटना लिहिली गेली त्या दालनात एकही गुलाम नव्हता. आपल्या मसुदा समितीचा अध्यक्ष मात्र आपला बाप होता. म्हणून आपल्या घटनेत शब्द लपवलेला नाही. कलम १७ अस्पृश्यतेचं नाव घेऊन ती रद्द करतं. आणि त्याच बापानं २५ नोव्हेंबर १९४९ ला बजावलं होतं, राजकारणात समता आणि समाजात विषमता, हा विरोध लवकर मिटवा, नाहीतर भोगणारे हा डोलारा उडवतील.

तो मिटला का? मग आज गटारात कोण उतरतं? कुणाच्या घरचं पोर गुदमरून मरतं?

साथींनो, बापांच्या तसबिरींना हार घालून भागणार नाही. त्यांचा कागद वाचा, कलम पाठ करा आणि वसुलीला निघा.

जयभीम!